कुठेतरी पाणी मुरतंय

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कचेरीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. ठेवू देत. सत्तावीस वर्षं जुन्या नोंदींच्या खोलीत धूळ खाल्ली आहे, गोड बोलायला मी काय मिठाईच्या दुकानात होते? पण आज मला माझं सांगायचं नाही. आमच्या कुंडीमामांचं सांगायचंय. माझं मध्येमध्ये येणारच, कारण त्यांच्या पोटावर पाय आणणारी मीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःची बाजू झाकून घेतली.

कुंडीमामा आमच्या तीन मजल्यांवरच्या चौऱ्याहत्तर कुंड्या सांभाळायचे. काटकुळी अंगकाठी, बाह्या दुमडलेला निळा सदरा, आणि लोकांच्या खिशाला पेन असतं तिथे यांच्या खिशाला जेवणाचा काटा. तोही एक दात वाकलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस फारच भुकेला आहे. मग बघते तर हे कुंडीपुढे उकिडवे बसलेले आणि त्या काट्यानं मातीचा वरचा थर हलक्या हातानं उकरतायत.

आधी ते रंगाच्या कारखान्यात होते. रंगवलेलं कापड धुवायचं काम. कारखाना बंद पडला आणि कंत्राटदारानं त्यांना आमच्याकडे टेबलं-कपाटं उचलायला पाठवलं. त्या काळी कचेरीतल्या कुंड्या म्हणजे कचऱ्याचे डबे होते. कागदी कप, वाकड्या पिना, पेन्सिलीची टरफलं, सगळं त्यातच. मामांना कुणी सांगितलं नव्हतं, पण कपाट उचलायचं नसेल तेव्हा ते कुंड्या निवडत बसायचे, तांदूळ निवडावेत तशा. सहा महिन्यांत अर्धमेल्या झाडांना पालवी फुटली, आणि तेव्हाच्या साहेबांनी त्यांची कपाटं काढून घेऊन कुंड्याच हवाली केल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली.

घरी मात्र त्यांच्याकडे एक झाड नाही. एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीतून हात काढला की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. उजेडच नाही तर उगवणार काय? एकदा मामा डबा विसरले म्हणून त्यांची बायको तो द्यायला आली होती. माझ्या खोलीत टेकली, सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, माझ्या चौऱ्याहत्तर सवती इथं नांदतात. घरी मी एकटी, तीही सुकलेली." आणि स्वतःच इतकी हसली की मलाही हसू आवरेना. मामा कुंडीत तोंड खुपसून बसले होते, कान मात्र लाल.

त्यांचा एक हिशेब असायचा. पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत जायलाच हवं. बोटाला ओल लागली तर झारी पुढे. "तहान लागल्याशिवाय पाजायचं नाही," म्हणायचे. "झाडं उपाशी फार कमी मरतात, बाई. लाडानंच जास्त मरतात." प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची एक काडी खोचलेली, तिच्यावर पेन्सिलीनं शेवटच्या पाण्याची तारीख. मला ते फार गबाळं वाटायचं. एकदा मी माझ्या खोलीतल्या तिन्ही काड्या उपटून टोपलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी नव्या खोचल्या आणि मला एका शब्दानंही विचारलं नाही.

आता शेवाळाचं. कुंडीतली माती सतत ओली राहिली आणि वर उजेड पडत राहिला की तिच्यावर आधी हिरवट झाक येते, मग दुधावर धरते तशी हिरवी साय धरते. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय टवटवीत! पण ती साय घट्ट झाली की माती गुदमरते, मुळं कुजायला लागतात, आणि चिलटं होतात. चिलटं एकदा झाली की ती कुंडीत राहत नाहीत. चहात येतात, नाकात जातात, महत्त्वाच्या कागदावर सही करताना नेमकी सहीवर बसतात.

नवे साहेब आले त्या वर्षी माझ्या टेबलाशेजारच्या रबराच्या झाडाच्या कुंडीनं अशी साय धरली. मामांनी ती काट्यानं खरवडली. आठवड्यात परत आली. मग त्यांनी वरची दोन बोटं माती काढून टाकली, नवी भुसभुशीत माती घातली, वर जाड वाळूचा थर दिला. वाळूसुद्धा हिरवी झाली. कुंडीखालची भोकं तारेनं मोकळी केली, ताटलीत साचलेलं पाणी फेकलं, कुंडी खिडकीपासून हात-दीड हात लांब सरकवली. शेवटी वरून पाणी घालणंच बंद करून टाकलं. पंधरा दिवसांतून एकदा कुंडी पाण्याच्या टबात ठेवायची, खालून पिऊ द्यायचं, आणि वरची माती कोरडीच ठेवायची. पण छे! पालथ्या घड्यावर पाणी. बाकीच्या कुंड्या स्वच्छ, आणि माझ्याजवळची मेली हिरवीगार.

त्याच दिवसांत माझ्या मागे दुसरं शुक्लकाष्ठ लागलं होतं. माझ्या ताब्यातल्या दोन जुन्या फायली सापडेनात. सत्तावीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आता दर तिसऱ्या दिवशी चौकशीला वर बोलावणं. कुठे ठेवल्या, कुणाला दिल्या, कुणी मागितल्या होत्या का. मी जिन्यानं खाली येत असले की बोलणाऱ्यांचे आवाज बारीक व्हायचे. घरी आई होती तोवर संध्याकाळी तिच्याजवळ भडाभडा बोलून मोकळी व्हायचे. आई गेली, आता घरी ऐकायला भिंती. त्यांचेही कान दुसऱ्यांच्या घराकडे.

अशात एका मंगळवारी सकाळी, खोलीत सात-आठ माणसं असताना, मामा माझ्या टेबलाजवळ उकिडवे बसले, मातीत बोट घातलं, वर बघितलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या टेबलापाशी कुठेतरी पाणी मुरतंय."

आणि मग आमचा टायपिस्ट, त्याच्या जिभेला हाड नाहीच, फिस्सकन हसला. तो हसला म्हणून सगळे हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या भल्या माणसाला काय काय बोलले ते आता लिहिताना हात अडखळतो. "तुमची लायकी काय आणि बोलता काय? फायली मी खाल्ल्या म्हणायचंय का तुम्हाला? खुरपं चालवायला ठेवलंय, जीभ चालवायला नाही!" मामांच्या हातातला काटा खाली गेला. "मी मातीचं..." एवढंच म्हणाले. मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी तर चोरही नव्हते, तरी चांदणं लख्ख पडलं होतं.

तशीच उठले आणि साहेबांच्या खोलीबाहेर तक्रारवही असते तिच्यात झरझर लिहिलं. 'कुंड्यांची निगा राखली जात नाही. मातीवर शेवाळ व चिलटे. संबंधित कर्मचारी उद्धट.' त्या वहीची पानं दुभागलेली असतात. डाव्या बाजूला तक्रार, उजव्या बाजूला ज्याच्यावर तक्रार आहे त्यानं खुलासा लिहायचा. माझी डावी बाजू भरली आणि मी पदर झटकून परत आले.

पुढच्या सोमवारी फळ्यावर सूचना लागली. साहेबांना आधीच माती, ओल, चिलटं, कशाचंच प्रेम नव्हतं, आणि आता हातात लेखी तक्रार आली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कचेरीत प्लास्टिकची झाडं येणार, जुन्या कुंड्या काढून टाकणार, आणि मामांची सेवा कंत्राटदाराकडे परत. मी ती सूचना दोनदा वाचली. शेवाळ काढा म्हटलं होतं मी, माणूस काढा म्हटलं नव्हतं. पण उचललेली जीभ माघारी कशी घेणार? मनात म्हटलं, त्यांनीच नीट काम करायचं होतं. आणि त्याच संध्याकाळी मला सणसणून ताप भरला.

नऊ दिवस अंथरुणात होते. परत आले तर काय, माझ्या कुंडीतली माती कोरडी, तपकिरी, स्वच्छ. एक चिलट नाही. मी खुर्चीत बसता बसता म्हटलं, "बघा, वहीत लिहिलं की कशी सरळ होतात माणसं." टायपिस्टनं एकदा कुंडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सातव्या दिवशी मातीवर परत हिरवी झाक. आठव्या दिवशी टायपिस्टनं चहाच्या कपातून बोटानं चिलट काढलं, ते निरखलं आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका हं. पण तुम्ही गेलात तशी ही गेली आणि तुम्ही आलात तशी ही आली. तुमची लाडकी दिसतायत."

मी त्याच्यावर खेकसणार होते. तोंड उघडलंही होतं. पण माझी नजर टेबलावरच्या माझ्या पाण्याच्या बाटलीवर गेली आणि उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

माझी आई म्हणायची, प्यायचं पाणी मोरीत ओतू नये, झाडाला घालावं. रोज पावणेसहाला, सगळे गेले की, मी बाटलीतलं उरलेलं पाणी रबराच्या झाडाला घालायचे. रोज. कधी पाव बाटली, कधी अर्धी. पुण्य केल्यासारखं घालायचे आणि दिवा मालवून घरी जायचे. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मामा खालून मोजून पाजत होते आणि मी वरून लाडानं ओतत होते. तुमच्या टेबलापाशी कुठेतरी पाणी मुरतंय! अहो, त्या माणसाला मातीत पाणी मुरताना दिसलं आणि तो मातीत पाणी मुरतंय म्हणाला. बस्स, एवढंच. साप साप म्हणून मी भुई धोपटली, आणि ती भुई नव्हती, माणूस होता.

मी थेट तक्रारवहीकडे गेले. म्हटलं, माझी ओळ खोडते. पान उघडलं तर उजवी बाजू भरलेली. मामांचं अक्षर मोठं, शाळेतल्या मुलासारखं. तारीख माझ्या तक्रारीनंतर दोनच दिवसांची. लिहिलं होतं: 'तक्रार मान्य आहे. पाणी माझ्याकडून जास्त झाले. बाईंचा दोष नाही.' खाली सही.

बाईंचा दोष नाही. माझा दोष आहे असं वहीत कुणी म्हटलं होतं? कुणीच नाही. म्हणजे या माणसाला ठाऊक होतं.

मामा गच्चीच्या जिन्याखाली सापडले. तिथे त्यांच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. फेकून द्या म्हणाले होते साहेब, पण मामा गेले दोन आठवडे मजल्यामजल्यावर, शेजारच्या इमारतीत, समोरच्या औषधाच्या दुकानात विचारत हिंडत होते. म्हणूनच इतक्यात माझ्या खोलीकडे त्यांचा काटा फिरकला नव्हता. मला बघून उठले.

"या बाई. एकेकीला घर बघतोय," म्हणाले. "चौऱ्याहत्तर मुलींची लग्नं एका महिन्यात, सोपं आहे का? एकतीस उजवल्या. उजेड असलेलीच घरं बघितली."

त्यांच्या बोलण्यात राग शोधत होते मी. सापडला असता तर बरं झालं असतं.

"मामा, पाणी मी ओतत होते. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही रागावलात त्याच दिवशी संध्याकाळी थांबलो होतो. म्हटलं, बघू तर खरं, पाणी येतं कुठून." काटा सदऱ्याला पुसत ते थांबले. "तुम्ही बाटली ओतत होतात आणि झाडाशी बोलत होतात. 'मी नाही गं हरवल्या त्या फायली. तू तरी विश्वास ठेव.' असं काहीतरी. मी लगेच निघून गेलो, बाई. मुद्दाम ऐकलं नाही."

मी बोलते हे मलाच धड माहीत नव्हतं.

"मग मला सांगायचंत ना! साहेबांना सांगायचंत!"

"काय सांगणार? पाणी बंद करा म्हटलं असतं, तर तुम्ही झाडाजवळ थांबला नसतात. आणि साहेबांना सांगितलं असतं तर फायलींच्या जोडीला हे आणखी एक. तुम्हाला आधीच रोज वर बोलावत होते." मग अगदी साधेपणानं म्हणाले, "शेवाळ काय, खरवडता येतं. रोज तुम्ही यायच्या आधी येऊन खरवडत होतो. वहीत लिहिलं तेव्हा वाटलं, ओरडतील आणि सोडतील. कुंड्याच काढतील असं नव्हतं वाटलं."

त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं, आणि संकोचत म्हणाले, "तुमचं ते रबराचं झाड... त्याला अजून घर बघितलेलं नाही. तुम्ही न्याल का? त्याला तुमची सवय आहे."

मग मात्र माझं काही चाललं नाही. आई गेली तेव्हा चार माणसांत रडले नव्हते, ती मी जिन्याखाली पायरीवर बसून ढसाढसा रडले. समोर एक कुंडी होती, तिच्यावरच वाकले होते. मामांनी ती पायानं हळूच बाजूला सरकवली. "कुंडीत नको, बाई," म्हणाले. "खारट असतं."

रडता रडता हसायला आलं मला. मेला हा माणूस!

डोळे पुसले आणि तडक साहेबांकडे गेले. वही आत नेली, त्यांच्यासमोर उघडली, आणि मामांच्या खुलाशाखाली लिहिलं: 'वरील खुलासा खोटा आहे. रोज पाणी मी ओतत होते. तक्रार चुकीची होती, उद्धट मी होते.' आणि ठसठशीत सही केली.

"बाई, वहीत खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाले.

"खाडाखोड नाही, पुढची ओळ आहे."

त्यांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमची चौकशी चालू आहे. अशा वेळी स्वतःची चूक लेखी देताय, कळतंय का? उद्या फायलींबद्दलही कुणी विचारेल."

मी म्हटलं, "फायलींचं मला माहीत नाही, साहेब. पाण्याचं माहीत आहे. जे माहीत आहे ते लिहिलं."

साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण काढलेला हुकूम मागे घेणं त्यांच्याही जिवावर आलं. प्लास्टिकची झाडं मागवून झाली होती. ती खालच्या मोठ्या दालनात लागली, अजूनही आहेत, धूळ खात. पण वरच्या दोन मजल्यांवर मामा राहिले आणि त्यांच्याजवळ उरलेल्या त्रेचाळीस कुंड्या राहिल्या. दिलेल्या एकतीस त्यांनी परत मागितल्या नाहीत. "नांदत्या घरातून आणायच्या नसतात," म्हणाले. माझ्या फायली दोन महिन्यांनी आधीच्या साहेबांच्या बंद कपाटात सापडल्या. कुणी माफी मागितली नाही, आणि मला तिचं काही वाटलं नाही.

आता माझ्या खोलीच्या दाराशी एक बादली असते. संध्याकाळी सगळ्यांनी बाटल्या तीत ओतायच्या. पहिल्या दिवशी ती काठोकाठ भरली. टायपिस्टनं तर कबूल केलं की आपण कधीमधी गार झालेला चहाही कुंडीत ओतायचो. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मीही माझी बाटली त्या बादलीतच रिकामी करते. पहिल्या दिवशी ती ओतून झाल्यावर मला पुढे काय करावं ते सुचेना. रिकामी बाटली घेऊन झाडाजवळ नुसती उभी राहिले. मामा दारात होते. म्हणाले, "बोलायला हरकत नाही, बाई. पण कोरडं बोला."

तेव्हापासून मी कोरडं बोलते. दिवसभराचं सगळं त्या झाडाला सांगते. आणि रोज पावणेसहाच्या सुमाराला मामा काटा घेऊन येतात आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीतली कुंडी उकरत बसतात. परवा मी मध्येच थांबले, जाऊन बघितलं, तर माती कोरडी खडखडीत.

"मामा, काय खरवडताय? शेवाळाचा पत्ता नाही इथे."

"असू दे," ते मान न वळवता म्हणाले. "तुमचं चालू द्या."